वंशेतिहासाची ऑनलाइन साधने : मालाडच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
मराठी समाजात वंशेतिहासाची साधने संगणकयुगापूर्वीही होती. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, वतनाच्या तंट्यांत दाखल झालेल्या वंशावळी आणि विसाव्या शतकात छापले गेलेले कुलवृत्तान्त ही त्यांतील प्रमुख होत. त्यांत आता ऑनलाइन नोंदींची भर पडली आहे. फॅमिलीसर्च या अमेरिकन संस्थेच्या १९९९ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतील वह्यांच्या प्रतिमा आढळतात, तर महाराष्ट्र शासनाच्या प्रणालीतून काही जिल्ह्यांतील जुने सातबारा व फेरफार पाहता येतात. ही सोय स्वागतार्ह असली, तरी तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

स्थळाचा प्रश्न :
मालाड आज मुंबई उपनगर जिल्ह्यातील बोरिवली तालुक्यात मोडते. मात्र एकोणिसाव्या शतकात ते ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होते. बृहन्मुंबईत त्याचा समावेश १९५७ मध्ये झाला आणि आजचा उपनगर जिल्हा १९९० मध्ये अस्तित्वात आला. त्यामुळे येथील पूर्वजांचा शोध ‘मुंबई’ या नावाखाली घेणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परततो. ब्रिटिश ग्रंथालयातील भारतविषयक नोंदी २०१४ मध्ये फाइंडमायपास्टवर आल्या. परंतु त्यांतील ‘बॉम्बे’च्या बाप्तिस्मा-नोंदी प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या आहेत. मार्वे, मालवणी, खारोडी येथील ईस्ट इंडियन कुटुंबांसाठी स्थानिक चर्चची नोंदवही हेच मूळ साधन राहते.

नावाचा प्रश्न :
मराठी नामपद्धतीत स्वतःचे नाव, पित्याचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. एकाच नोंदीत दोन पिढ्या सापडतात, हे तिचे बलस्थान. परदेशी संकेतस्थळांचे शोधपत्रक मुख्यतः नाव व आडनाव या चौकटीवर आधारलेले असते आणि नेमका हाच दुवा गळून पडू शकतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे दोन व्यक्ती एक समजल्या जाण्याचा धोका वाढतो. विवाहित स्त्रीच्या नोंदीत तर पतीचे नाव येते. तिचे माहेर अदृश्य होते. याउलट चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदीत मातेचे व धर्ममातापित्यांचे नाव सहसा असते. शिवाय जुनी महसुली कागदपत्रे मोडी लिपीत असल्याने, प्रतिमा पडद्यावर दिसली तरी ती वाचता येईलच असे नाही.

पुराव्याचा प्रश्न :
वंशेतिहास हा महाराष्ट्रात केवळ छंदाचा विषय नाही. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर जुन्या कुणबी नोंदी शोधून त्या जिल्हा संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. ज्यांच्या पूर्वजांकडे जमीन होती वा जे शाळेत गेले, त्यांची नोंद सापडण्याची शक्यता अधिक. भूमिहीन शेतमजुराच्या वा गावोगाव भटकणाऱ्या कुटुंबाच्या वारसाला मात्र प्रवेशाच्या तोंडावर कागद मिळत नाही. पडद्यावर नाव नसणे म्हणजे पूर्वज नसणे नव्हे, हा विवेक येथे निर्णायक आहे.

निष्कर्ष :
ऑनलाइन नोंद ही शोधाची सुरुवात होय, सिद्धता नव्हे. नोंद कोणी, कोणत्या हेतूने व कोणत्या प्रशासकीय विभागात केली, हे तपासल्यावरच तिला साधनाचे मूल्य प्राप्त होते. उपनगरांतील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी मोडीवाचनाचे वर्ग चालवून, कुटुंबांच्या संमतीने गावठाणनिहाय नामसूची तयार केल्यास आणि तीत मातेच्या नावाचा रकाना आवर्जून ठेवल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.