मुद्रणयोग्य जगनकाशा : एक चिकित्सा

भूगोलाच्या वर्गातील भिंतीवरच्या कापडी नकाशाची जागा आता ए-फोर कागदावर छापल्या जाणाऱ्या जगनकाशाने घेतली आहे. देशांची नावे व सीमा असलेला हा नकाशा कळंब्यासारख्या कोल्हापूरच्या उपनगरातही काही मिनिटांत छापून घेता येतो. सोय निर्विवाद आहे. तथापि तो कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रक्षेपणावर तयार केला, याचा उल्लेख त्यावर पुष्कळदा नसतो. ग्रंथाचा कर्ता व आवृत्ती तपासणारा प्राध्यापकवर्ग नकाशाला मात्र ही कसोटी क्वचितच लावतो.

असे अनेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणावर किंवा त्याच्याशी मिळत्याजुळत्या प्रक्षेपणावर असतात. १५६९ मध्ये सिद्ध झालेले हे प्रक्षेपण दिशा अचूक राखते. ते नाविकांसाठी होते, क्षेत्रफळांच्या तुलनेसाठी नव्हे. कळंबा सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्ताच्या तुलनेत तेथील क्षेत्र या नकाशात जेमतेम ९ टक्के फुगते. ७० अंशांवर तेच साडेआठ पट होते. त्यामुळे सुमारे २१.६६ लाख चौ.कि.मी.चे ग्रीनलंड ३२.८७ लाख चौ.कि.मी.च्या भारतापेक्षा कितीतरी मोठे भासते. २०१८ पासून ‘ईक्वल अर्थ’ हे समक्षेत्र प्रक्षेपण उपलब्ध असताना ही सवय समर्थनीय ठरत नाही.

सीमांचा प्रश्न अधिक गंभीर होय. परदेशात तयार झालेल्या अनेक नकाशांत जम्मू-काश्मीरमधील नियंत्रण रेषा आंतरराष्ट्रीय सीमेसारखी आखलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रकाशित करणे १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमान्वये दंडनीय आहे. अधिकृत यंत्रणाही प्रमादमुक्त नाहीत. २०१३ मध्ये राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोल पुस्तकातील नकाशात अरुणाचल प्रदेश भारतात दाखविला न गेल्याने वाद उद्भवला होता. कायद्याचे भय हा नकाशा-साक्षरतेला पर्याय मात्र नव्हे. कोणती सीमा मान्य, कोणती विवादित आणि ती कोणाच्या दृष्टीने, हे विद्यार्थ्याला सांगावेच लागते; एकाच जाडीची काळी रेघ ते सांगत नाही.

नावांच्या बाबतीत एक उपयुक्त पद्धती हाती लागते. हस्तलिखिताचा काळ अंतर्गत पुराव्यावरून ठरवावा, तसा निनावी नकाशाचाही ठरविता येतो. दक्षिण सुदान (२०११) आहे, पण इस्वातिनीऐवजी स्वाझीलंड आहे, तर आशय २०११ ते २०१८ दरम्यानचा मानता येतो. उत्तर मॅसेडोनिया असेल, तर तो २०१९ नंतरचा. पदवीच्या पहिल्या वर्षाला नुसते नकाशे भरून घेण्याऐवजी हा अभ्यास देता येईल. त्यासाठी वेगळ्या साधनांची गरज नाही, छापलेला तोच कागद पुरतो.