दुरुस्तीची नोंद कोणासाठी?

सॉफ्टवेअरची समीक्षा करायची म्हटली की आपण त्याच्या वेगाबद्दल, सोयीबद्दल, फार तर किमतीबद्दल बोलतो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र वाचण्याजोगे आणखी एक लेखन सर्वांसमोर खुले असते आणि त्याकडे समीक्षकाचे लक्ष सहसा जात नाही. ते म्हणजे बदलांच्या नोंदी. कोणी एखादा बग दुरुस्त केला की सोबत चार ओळी लिहायच्या असतात : काय बदलले आणि का बदलले. ही नोंद म्हणजे कमिट मेसेज. आवृत्तीगणिक त्यांचा गोषवारा निघतो तो चेंजलॉग. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. संगणकाची विद्या पुस्तके आणि इतरांचा कोड वाचून मिळवली आणि त्या वाचनात या नोंदींनी मला कोडइतकेच शिकवले. त्यांच्याकडे लेखनप्रकार म्हणून पाहावे आणि त्यांचे गुणदोष सांगावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

या प्रकारातला अभिजात नमुना डोनाल्ड कनुथ यांचा. ‘टेक’ ही अक्षरजुळणीची आज्ञावली लिहिताना १९७८पासून त्यांनी तिच्यातल्या चुकांची वही ठेवली आणि १९८९ साली ‘द एरर्स ऑफ टेक’ या निबंधात ती जगापुढे मांडली. नोंदी आठशेंहून अधिक. त्यांची पंधरा वर्गांत विभागणी केलेली : घोडचूक वेगळी, हस्तदोष वेगळा, विसरून राहिलेले काम वेगळे, कोणाच्या ध्यानीमनी नसलेला प्रसंग वेगळा. या वर्गीकरणाचे मोल असे की त्यामुळे चुकांकडे अभ्यासविषय म्हणून पाहता येते. एकाच माणसाची विचारपद्धती वारंवार कुठे अडखळते, ते वाचकाला दिसते. चूक दाखवणाऱ्याला कनुथ २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीगणिक पायच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. पण हा नमुना सर्वांना लागू करणे अन्यायाचे होईल. कनुथ एकटे लेखक होते, आपली वही आपणच लिहीत होते. हजारो हात एकाच कोडवर चालू लागले की प्रश्न बदलतो.

तेव्हा शिस्त लागते, नियम येतात. नोंदीत बदलाचे स्वरूप सांगा, कारण द्या, बगचा क्रमांक जोडा. नियम चांगलेच आहेत, पण नियम पाळलेली नोंद खरी असतेच असे नाही. डेबियन प्रकल्पाचे उदाहरण पाहा. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएलच्या पॅकेजमध्ये २००६ साली एक बदल झाला. कोडची तपासणी करणारे व्हॅलग्राइंड हे साधन एका जागी सारखी तक्रार करत होते. कोणतीही किंमत न दिलेली स्मृती तिथे वापरली जात होती. देखभाल करणाऱ्याने मूळ प्रकल्पाकडे विचारणा केली आणि त्या ओळी काढल्या. चेंजलॉगमधली नोंद नीटनेटकी होती : असा डेटा यादृच्छिक संख्यांच्या यंत्रणेत यापुढे घालत नाही, म्हणजे साधनाच्या तक्रारी थांबतील.

काय केले ते आहे, का केले तेही आहे. तरीही ती नोंद दिशाभूल करते. काढलेल्या ओळींपैकी एक ओळ निरुपयोगी डेटाबरोबरच खरी यादृच्छिकताही यंत्रणेत घालत होती. ती गेल्यावर बदलती अशी एकच गोष्ट उरली : प्रोसेसचा क्रमांक. त्याच्या शक्यता जास्तीत जास्त ३२,७६८. कुलूप भक्कम दिसत होते, पण किल्ल्यांचा जुडगा मोजता येण्याजोगा झाला होता. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झाले, तोवर जवळजवळ दोन वर्षे उलटली होती. माझा आक्षेप नोंदीतल्या ‘का’ला आहे. तो साधनाची तक्रार थांबवण्यापाशीच संपतो. ती ओळ मुळात तिथे कशासाठी होती, हा प्रश्न नोंदीत कुठेच नाही. मात्र त्याच नोंदवहीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बदल लिहिलेला होता म्हणून सदोष आवृत्ती नेमकी कोणती, कोणाच्या किल्ल्या बदलायला हव्यात, हे निःसंदिग्धपणे सांगता आले. वहीने चूक टाळली नाही, पण चुकीची हद्द आखून दिली.

याच्या उलट टोकाला लिनक्स कर्नलमधली ऑक्टोबर २०१६ची नोंद ठेवते. ‘डर्टी काऊ’ नावाने गाजलेल्या बगची ती दुरुस्ती. लिहिणारे स्वतः लिनस टोरवाल्ड्स. ते सांगतात, की हा बग पुराणा आहे. अकरा वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, पण वाईट रीतीने. एस३९० या संगणकांवर अडचण आल्यामुळे तो प्रयत्न मागे घ्यावा लागला. आता ती अडचण उरलेली नाही. आणि तेव्हा केवळ तात्त्विक वाटलेला प्रसंग आता सहज घडू शकतो. जुन्या दोन्ही बदलांचे क्रमांक सोबत दिलेले. फसलेला प्रयत्न, त्याचे कारण, बदललेली परिस्थिती आणि स्वतःचे नाव, हे सारे मोजक्या ओळींत. गिट ही नोंदपद्धती टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये सुरू केली आणि त्याआधीचा इतिहास तिच्यात घेतला नाही. तो पहिला प्रयत्न आणखी काही महिने आधी झाला असता, तर या साखळीचे टोक या वहीत सापडलेच नसते.

तरीही ही नोंद मला अपुरी वाटते. या बगमुळे साध्या वापरकर्त्याला संपूर्ण संगणकाचा ताबा मिळवता येत होता. नोंदीत त्याचा उल्लेख नाही. सुरक्षेचा बग हा इतर बगांसारखाच बग, ही टोरवाल्ड्स यांची जाहीर भूमिका आहे. तिला आधारही आहे : धोका ठळक लिहिला तर दुरुस्ती लोकांपर्यंत पोहोचण्याआधी हल्लेखोर ती वाचतात. पण हल्लेखोर कोडवरूनही धोका ओळखतो. न ओळखणारा असतो तो एखाद्या छोट्या संस्थेचा सर्व्हर सांभाळणारा माणूस. आज रात्रीच अद्ययावत करायचे की पुढच्या महिन्यात, हे त्याला ठरवायचे असते. फेब्रुवारी २०२४पासून कर्नल प्रकल्प दोषांना सीव्हीई क्रमांक स्वतः देऊ लागला. मात्र जवळपास कोणताही बग सुरक्षेचा ठरू शकतो या तत्त्वावर ते क्रमांक इतक्या सढळपणे दिले जातात, की त्या माणसाची अडचण तशीच राहते. क्रमांक म्हणजे स्पष्टीकरण नव्हे.

या साऱ्याचा मराठीशी संबंध ‘दुसऱ्या’ या शब्दाइतका जवळचा आहे. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. त्यांपैकी एक दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवला आहे, आणि तसे प्रमाणकात लिहून ठेवले आहे. अक्षरांची मांडणी करणाऱ्या मुक्त आज्ञावली ज्यांना लिहायच्या असतात, त्यांच्यासाठी हे एक वाक्य मोलाचे आहे. कारण लिहिलेले नसते तर कोणा टापटिपीच्या प्रोग्रामरला एक मार्ग फालतू वाटला असता, आणि आपले जुने मजकूर रफाराने विद्रूप झाले असते.

तेव्हा बदलनोंद वाचताना मी तीन प्रश्न विचारते. मुळात ती ओळ तिथे का होती? आधी कोणी काय करून पाहिले? आणि हा बदल न घेणाऱ्याचे काय होईल? डेबियनची नोंद पहिल्यावर अडते, टोरवाल्ड्स यांची तिसऱ्यावर. बहुतेक नोंदी तिन्हींवर अडतात. त्याचे एक कारण स्पष्ट आहे : हे काम करणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचे पैसे मिळत नाहीत आणि रात्री अकरा वाजता बग सुटल्यावर आणखी पाच वाक्ये लिहायचा कंटाळा येतो. तो मी समजू शकते. पण कोड परत वाचून काय झाले ते कळते. का झाले, हे त्या रात्री लिहिले नाही तर पुढे कोणालाच सांगता येत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही.