नदी नसलेला ग्रंथ

यंदा परीक्षणासाठी कोणते पुस्तक घेणार, असे संपादकांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, दिवाळी अंक आहे. चकलीबरोबर वाचवेल असे काही द्या." मी हट्ट सोडला नाही. मी वकील नव्हे. मुलांना व्याकरण शिकवतो आणि सवड मिळेल तशा कादंबऱ्या लिहितो. पण ज्या मजकुरावर आमच्या जिल्ह्यातल्या नद्यांचे बरेवाईट ठरते, तो ललित नाही एवढ्याच कारणासाठी समीक्षकाने त्याच्याकडे पाठ फिरवावी, हे मला पटत नाही. आमच्या कादंबऱ्यांनी आजवर कोणाची विहीर आटल्याचे ऐकिवात नाही. या मजकुराचे तसे नाही.

या वाचनाचा आरंभ झाला तो हत्तरसंग कुडल येथे. सोलापूरच्या दक्षिणेस, जिथे सीना भीमेला मिळते, तिथे संगमेश्वराचे जुने मंदिर आहे. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी लेख आहे. आपल्या भाषेतील अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो वाचला आणि प्रकाशात आणला. हे वाचील तो विजयी होईल, असा त्याच्या अखेरच्या ओळीचा आशय आहे. शाळेची सहल घेऊन मी तिथे गेलो होतो. मी मुलांना हा आशय सांगितला तेव्हा एकाने विचारले, "गुरुजी, विजयी म्हणजे वार्षिक परीक्षेत का?" मी हो म्हणालो. मास्तराला अशा वेळी दुसरे काय म्हणता येते?

मंदिरातून पायऱ्या उतरून आम्ही पात्रात गेलो. पात्र म्हणावे असे तिथे फार उरले नव्हते. पुरुषभर खोल खड्डे, त्यांत साचलेले हिरवे पाणी, मधूनमधून चाकांच्या चाकोऱ्या. काठावर एक वृद्ध शेतकरी शेळ्या राखीत बसला होता. त्याला मी विचारले, "मामा, विहिरींना पाणी कसं काय?" तो म्हणाला, "वाळू हुती तवर पाणी हुतं, गुरुजी. आता नदी येती आन् जाती. थांबत न्हाई."

भूजलाचे सारे शास्त्र त्या तीन वाक्यांत आहे. वाळूचा थर हा नदीचा स्पंज. पावसाळ्याचे पाणी तो धरून ठेवतो, सावकाश खाली सोडतो, आणि काठच्या विहिरी त्यावर उन्हाळा काढतात. थर काढून घेतला की खाली काळा खडक. त्यावरून पाणी ओसरीवरून जावे तसे निघून जाते. त्यात भीमेवर वरच्या अंगाला उजनीचे धरण. १९८० पासून ते उभे आहे. त्याने आमच्या उसाला पाणी दिले, ते मी विसरत नाही. पण वरून वाहत येणारी वाळू आणि गाळ तेच अडवून धरते. म्हणजे भरती थांबली आणि उपसा मात्र वाढला.

घरी येऊन मी नियम वाचावयास बसलो. म्हातारबाबाचे वाक्य मनात होतेच. ते या मजकुरात कुठे सापडते, हे मला पहावयाचे होते.

पहिलाच अडथळा नावातल्या शब्दाचा. 'गौण'. १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियमाने खनिजांचे दोन वर्ग केले आणि इमारतीचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू यांना गौण म्हटले. त्यांच्याबद्दलचे नियम करण्याचे काम कलम १५ अन्वये राज्यांकडे सोपवले. साधी वाळू म्हणजे काय, तर ठरवून दिलेल्या कामांसाठी न वापरलेली. पुढे १९६० च्या नियमांत त्या कामांची यादी आली: तीच वाळू काचेसाठी किंवा मातीच्या भांड्यांच्या कारखान्यासाठी नेली, कोळशाच्या खाणीतली पोकळी भरावयास नेली, तर ती गौण नव्हे, भिंतीच्या गिलाव्यासाठी नेली तर गौण. म्हणजे वाळूची किंमत ती कुठे पडली आहे यावर नाही, ती कुठे जाणार आहे यावर. पात्रात पडून राहणे हे तिचे एक काम आहे, ही कल्पनाच या व्याख्येला शिवत नाही.

आता मी वर्गात काय शिकवतो? मिश्र वाक्यात एक प्रधान वाक्य असते आणि बाकीची गौण. 'पाऊस पडला तर पीक येईल' यात 'पाऊस पडला तर' हे गौण वाक्य. मुलांना मी दरवर्षी बजावतो की गौण म्हणजे बिनमहत्त्वाचे नव्हे. ते काढून पहा, म्हणजे पिकाचे काय होते ते कळेल. कायद्याने हा शब्द व्याकरणातून घेतला असता तर किती बरे झाले असते! त्याने तो बाजारातून घेतला.

पुढे वाचू लागलो तसे आणखी एक ध्यानात आले. या गद्यात क्रियापदे पुष्कळ आहेत: उत्खनन करणे, काढणे, साठवणे, वाहून नेणे, विल्हेवाट लावणे. सरकारी धोरणाचे नावही 'वाळू-रेती निर्गती धोरण'. निर्गती म्हणजे बाहेर जाणे. वाळू येते कशी, कोण आणते, किती वर्षांत आणते, यासाठी मात्र एकही साधे क्रियापद या मराठीत मला भेटले नाही. नदी येते ती पत्ता म्हणून: नदीपात्र, नदीकाठ, पुलापासूनचे अंतर. कर्ता म्हणून ती येत नाही. नाटकातल्या सर्व पात्रांनी जिच्याबद्दल बोलावे आणि जिला प्रवेशच नसावा, अशी या नाटकातली ही नायिका.

आवृत्त्यांचे म्हणाल तर हेवा वाटावा अशी स्थिती आहे. २०१९, २०२२, २०२३ आणि २०२५ अशी वाळूची धोरणे एकामागून एक निघाली. २०२३ मध्ये लिलाव गेले, सरकारी डेपो आले, ६०० रुपये ब्रास दर ठरला. २०२५ मध्ये लिलाव परत आले. (ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ज्यांनी घर बांधले आहे त्यांना सांगावयास नको.) प्रत्येक आवृत्तीत बदलते ती विक्रीची रीत. लेखकाने शेवट जुळत नाही म्हणून दरवेळी मुखपृष्ठ बदलावे, तसे काहीसे हे वाटते.

शैली जिवंत होते ती एकाच ठिकाणी, दंडाच्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे, म्हणजे १९६६ च्या कायद्याचे, कलम ४८ विनापरवाना काढलेल्या खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड सांगते, आणि जप्त वाहन सोडवावयाचे तर त्याचा आकार वेगळा. २०१८ च्या जानेवारीतील नियमांप्रमाणे ट्रॅक्टर-ट्रॉलीला एक लाख, खोदणाऱ्या मोठ्या यंत्राला साडेसात लाख. लेखकाला यंत्र दिसते. खड्डा दिसत नाही. दंड सरकारच्या तिजोरीत जमा होतो आणि खड्डा होता तिथेच राहतो. आषाढीला चंद्रभागेत उतरणाऱ्याचा पाय त्यात जाऊ शकतो.

पंढरपूरही याच जिल्ह्यात, ही गोष्ट नियम वाचताना सारखी आठवत राहते. वारकऱ्याच्या तोंडी 'वाळवंट' हा केवढा मायेचा शब्द! कीर्तनाला उभे राहण्याची जागा, जातपात विसरण्याची जागा. त्याच वस्तूला कचेरीच्या भाषेत 'वाळूगट' म्हणतात, आणि त्याला क्रमांक असतो.

कोणी म्हणेल, कायद्याकडून तुम्ही अभंग मागता की काय? नाही. कायदा रुक्षच असावा. पण रुक्ष गद्यालाही खरे पाहता येते, याचा दाखला याच विषयात आहे. हरियाणाच्या दीपक कुमार खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे ठरवले. मोठ्या पट्ट्याचे तुकडे करून सुटका करून घेण्याची वाट त्याने बंद केली. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत 'पुनर्भरण' आले. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की पुनर्भरणाच्या अभ्यासावाचून जिल्ह्याचा वाळू सर्वेक्षण अहवाल ग्राह्य नाही: लाकूड तोडण्यापूर्वी झाडे किती वेगाने वाढतात ते पहावे लागते, तसे वाळू काढण्यापूर्वी नदी किती परत आणते ते पहावे लागते. या साऱ्या वाङ्मयात मला आवडलेली उपमा ही एकच. तिच्यात नदी प्रथमच कर्ता झाली आहे. शेळ्या राखणारे मामा तिथे असते तर त्यांनी मान डोलावली असती.

मग अंमल का होत नाही? याचे उत्तर व्याकरणात नाही, हे मला ठाऊक आहे. ते रात्रीच्या हायवा गाड्यांत आहे, अधिकाऱ्याच्या बदलीत आहे, आणि दुसऱ्या राज्याचा काठ दोनशे पावलांवर असण्यातही आहे. पण ज्या गोष्टीला आपण गौण म्हणत आलो तिच्यासाठी कोणी जीव टाकत नाही, एवढा भाग भाषेचा आहे. माढा तालुक्यातील कुर्डू गावी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मुरूम उपशाच्या तक्रारीवरून एक महिला पोलीस अधिकारी गेल्या आणि तिथे त्यांना तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांचा दूरध्वनी आला. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. आपला हेतू ढवळाढवळीचा नव्हता, असा खुलासाही पुढे झाला. कोण कोणाशी कोणत्या सुरात बोलले, यावर आठवडाभर चर्चा चालली. मुरमाचे काय झाले, हे मला शिक्षकांच्या खोलीतही कोणी विचारले नाही. मुरूमही गौण खनिजच.

आम्हा कादंबरीकारांना तरी नावे ठेवण्याचा काय अधिकार? अलीकडच्या ग्रामीण कथा-कादंबऱ्यांत वाळूवाला हमखास येतो: गळ्यात साखळी, डोळ्यावर काळा चष्मा, अंगणात जीप. मीही एक रंगवला आहे. तो पकडला जातो आणि कादंबरी संपते. त्याची वाळू जिथे जाते ती घरे आम्ही रंगवत नाही, कारण त्यांत आम्ही राहतो. आणि तिथे न्याय करणे कठीण होते. घरकुल मिळालेल्या विधवेला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे २०२५ चे धोरण सांगते. तिला मी नदीचा हवाला देऊन नको म्हणू काय?

माझ्या परसातली भिंत गेल्या पावसाळ्यात ढासळली. गवंडी आला, त्याने सामानाची यादी सांगितली आणि विचारले, "गुरुजी, नदीची आणू का क्रशरची?" इतके सारे लिहून झाल्यावर मला एकच उत्तर देता येत होते. "क्रशरची आण," मी म्हणालो. "गिलावा खरबरीत येईल बघा," तो म्हणाला. येऊ दे, म्हटले. दुसऱ्या दिवशी टेंपो आला. ज्या टेकडीचा दगड दळून ती वाळू झाली, ती शाळेच्या वाटेवरून दिसते. तिची एक बाजू आता सरळ कापल्यासारखी आहे. ड्रायव्हरने पावती माझ्या हातावर ठेवली. चष्मा लावून पाहिले. वरच्या ओळीत छापले होते: गौण खनिज वाहतूक पास.