काचेतली बाहुली, चिंध्यांची बाहुली

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न सवयीनं विचारावा: हा नमुना माझ्यापर्यंत पोहोचला कसा? आज तोच प्रश्न बाहुल्यांच्या संग्रहाला विचारू.

दिल्लीचं शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम १९६५ मध्ये सुरू झालं. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांना हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला एक बाहुली दिली होती. तिथून त्यांना नाद लागला. आज तिथे सुमारे ८५ देशांच्या सहा हजारांवर बाहुल्या आहेत. भारतीय बाहुल्या तिथल्याच कार्यशाळेत हातानं बनतात आणि परदेशी बाहुल्यांच्या बदल्यात दिल्याही जातात. काम सुबक आहे, यात वाद नाही.

पण यावरून जगातली मुलं कशाशी खेळत होती, हे सांगता येईल का? माझ्या मते नाही. भेट म्हणून देताना कुणीही आपली नटवलेली बाहुलीच देणार. त्यामुळे देशांना स्वतःला कसं दाखवायचं होतं, याचा हा उत्तम पुरावा आहे. प्रश्न बदलला की तोच डेटा अपुरा पडतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची वाट वेगळी. १९२० च्या सुमारास सुरू झालेला हा संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाकडे गेला. दिवे, अडकित्ते, भांडी, खेळणी, म्हणजे घरात वापरलेल्या वस्तू. इथे पुरावा खेळाच्या जवळ येतो. तरी संग्राहकाची नजर कलाकुसरीवर थांबते. चिंध्यांच्या गाठोड्यावर ती सहसा थांबत नाही.

आमच्या नांदगाव खंडेश्वरकडे बाहुली म्हणजे जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आत कापूस आणि काजळाचे डोळे. उंदीर, वाळवी, पावसाळ्याची ओल यांतून ती टिकणार किती? जिच्याशी जास्त खेळलं, ती आधी संपली. टिकलेल्यांवरून सगळ्यांबद्दल बोलणं, यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातली, इजिप्तमध्ये सापडलेली कापडी बाहुली आहे; आत चिंध्या आणि पपायरस भरलेले. तिथल्या कोरड्या हवेत ती टिकली. म्हणून चिंध्यांच्या बाहुल्या फक्त इजिप्तमध्येच होत्या असं कुणी म्हणेल का?

आता माझी चूक. आजीच्या पेटीत तिची बाहुली सापडली. मळकी दिसली म्हणून मी ती आधी साबणानं धुतली, मग फोटो काढला. आजी बघतच राहिली. म्हणाली, "डोयेच धुवून टाकले का रे बाबू!"

काजळ गेलं, तेलाचे डाग गेले, हाताळल्याच्या खुणा गेल्या. उरलं ते स्वच्छ कापड. एमएस्सी झालेल्या माणसानं नोंद करण्याआधी नमुना धुतला!

म्हणून नमुन्याला हात लावण्याआधी लिहा: कुठे मिळाला, कुणी बनवला, कशाचा आहे, कसा वापरला. फोटो काढा. आणि वहीत एक रकाना ठेवा: माझ्या संग्रहात काय येऊच शकलं नाही? तो रकाना रिकामा राहिला तर निष्कर्ष लिहायची घाई करू नका.