लेटन आणि राइट एका गावात भेटतात तेव्हा

मंडळी, व्हिडिओ गेम खेळणारी मुलं एकमेकांना नेहमी विचारतात, की या मालिकेतला नायक त्या मालिकेत गेला तर काय होईल? आपल्याला हा प्रश्न पोरकट वाटतो. पण लायब्निट्झ शिकवताना आम्ही वर्गात वेगळं काय विचारत होतो? त्याचं म्हणणं असं, की दोन गोष्टी सुट्ट्या सुट्ट्या शक्य असल्या, तरी एकाच जगात त्या एकत्र नांदतीलच असं नाही. याला आपण सहशक्यता म्हणू. दोन मालिकांची भेट कल्पिताना खरा प्रश्न हाच असतो. 'कोण जिंकेल' हा त्यापुढे किरकोळ.

निन्टेन्डोची 'सुपर स्मॅश ब्रदर्स' ही मालिका १९९९ साली सुरू झाली. मारियो, लिंक, पिकाचू एका मैदानात! २०१८ च्या 'अल्टिमेट'मध्ये पात्रं ८०च्या वर गेली. त्याआधी, २००८ साली, 'मेटल गियर'मधला सॉलिड स्नेक या मेळ्यात आला होता. त्याच्या मूळ खेळात लपणं हेच सगळं काही. पहारेकऱ्याची नजर चुकवायची, वेळ पडली तर पुठ्ठ्याच्या खोक्याखाली दडायचं. 'स्मॅश'मध्ये ते खोकं आलं, पण थट्टेपुरतं. भर मैदानात समोरासमोर हाणामारी चालू असताना लपणार कुणापासून? इथे कायदा एकच. मार बसला की टक्केवारी वाढते, आणि ती वाढली की गडी लांब फेकला जातो. खेळ म्हणून हे झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जगं काही भेटली नाहीत. लग्नाच्या फोटोत सगळे भाऊबंद दिसतात, म्हणून त्यांचं बोलणं सुरू झालं असं थोडंच आहे!

आता दुसरं उदाहरण घेऊ, ते आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. २०१२ साली लेव्हल-५ आणि कॅपकॉम या कंपन्यांनी मिळून 'प्रोफेसर लेटन व्हर्सेस फिनिक्स राइट' काढला. लेटन कोडी सोडवतो. त्याच्या जगात भेटेल तो माणूस कोडं घालतो आणि प्रत्येक कोड्याला उत्तर असतंच. राइट हा वकील. त्याच्या जगात साक्षीदार खोटं बोलतात आणि सत्य विसंगतीच्या फटीतून बाहेर येतं. म्हणजे ज्ञान कसं मिळतं याच्या या दोन वेगळ्या कल्पना झाल्या. त्यांना लॅबिरिंथिया नावाच्या गावात आणलंय, जिथे जादू खरी मानतात आणि चेटकिणींवर खटले चालतात.

तिथे राइटला जादूचे नियम मान्य करूनच बाजू मांडावी लागते. कोणत्या मंत्राला काय लागतं हे ग्रंथात लिहिलेलं, तोच त्याचा पुरावा. साक्षीदारही एकेक नाही, घोळक्याने उभे राहतात. एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचा चेहरा बदलला की तिथेच पकडायचं. ही युक्ती दोघांच्या मूळ मालिकांत नव्हती, भेटीतून ती जन्मली. आणि एक भयंकर गोष्ट पाहा. आपल्या अशिलाला सोडवायचं तर खरी चेटकीण दुसरीच आहे हे दाखवायचं, आणि तिला आगीची शिक्षा! निर्दोषाला वाचवणारा वकील इथे कुणाला तरी आगीत ढकलतो. राइटची त्याच्या स्वतःच्या मालिकेतही एवढी कसोटी लागली नसेल.

शेवट सांगणं भाग आहे, ज्यांना खेळायचाय त्यांनी कान झाका. जादू नव्हतीच असं निघतं. छुपी यंत्रं होती, औषधाचा प्रयोग होता, आगीत मेलं कुणीच नव्हतं. इथे आमची तक्रार आहे. तर्कशास्त्रात आपण युक्तिवादाची वैधता आणि आधारविधानांचं सत्य वेगळं ठेवतो. राइटचे युक्तिवाद त्या गावाच्या नियमांत वैध होते, पण आधारविधानं खोटी. मग त्याने मिळवलेल्या सुटकांचं काय? खोट्या आधारावर मिळालेला न्याय न्यायच म्हणायचा का? दोन जगं एकत्र आणल्यामुळेच हा प्रश्न उभा राहिला होता. खेळ त्याला शिवतही नाही. सगळे जिवंत आहेत म्हणतो आणि मोकळा होतो. लेटनच्या जगात हे चालून जातं, तिथे कोडं सुटलं की विषय संपला. राइटच्या जगात चालायला नको होतं. म्हणजे शेवटी एक जग जिंकलं, आणि तेही नेमकं कमी अवघड असलेलं.

प्रश्न घेऊया. मागच्या रांगेत 'किंगडम हार्ट्स'चं नाव कुणीतरी मघाशीच घेतलं, त्यांनी आधी बोलावं.