दडपणाची मुष्टियुद्धकला : एक मूल्यविचार

(१)

मुष्टियुद्धाविषयीच्या इंग्रजी लेखनात योद्ध्यांचे दोन वर्ग फार पूर्वीपासून कल्पिले गेले आहेत. पहिल्या वर्गातील योद्धा अंतर राखून, पदन्यास आणि हुलकावणी यांच्या बळावर लढतो. दुसऱ्या वर्गातील योद्धा अखंड पुढे सरकत राहतो आणि प्रतिस्पर्ध्यास उसंत मिळू देत नाही. पहिल्यास कलावंत म्हणावयाचे व दुसऱ्यास शूर, कणखर, फार तर दुर्दम्य म्हणावयाचे, असा जणू संकेतच होऊन बसला आहे. या दुसऱ्या वर्गाच्या वाट्यास आलेली टोपणनावे पाहिली तरी हा संकेत ध्यानात येतो. हेन्री आर्मस्ट्राँग हा ‘तुफान’ ठरला, पनामाच्या रोबेर्तो दुरानचे हात ‘दगडाचे’ ठरले, जो फ्रेझर ‘धुमसणारा’ ठरला. वादळ, दगड आणि धूर यांना बुद्धी नसते. ज्यांना ही नावे मिळाली त्यांच्या कर्तृत्वातील बुद्धीचा भाग समीक्षेच्या नजरेतून निसटला, हे त्यामुळे नवल नव्हे.

या दृष्टिकोणाचा सर्वांत प्रगल्भ आविष्कार ए. जे. लीब्लिंग याच्या लेखनात आढळतो. २१ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्क येथे रॉकी मार्सियानो व आर्ची मूर यांच्यात झालेल्या लढतीवर लिहिताना लीब्लिंगने मूरला मेल्व्हिलच्या कादंबरीतील कप्तान एहॅबच्या जागी कल्पिले. अर्थातच मार्सियानोच्या वाट्यास देवमाशाची भूमिका आली. लढतीचा वृत्तांत या कल्पनेस पोषकही होता. चतुर मूरने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडले आणि नवव्या फेरीत तो स्वतः कोसळला. लीब्लिंग सूक्ष्मदृष्टीचा लेखक होता, आणि त्याचा लेख वाङ्मय म्हणून श्रेष्ठच आहे. तथापि त्यातील रूपकाने एक निवाडा आधीच देऊन टाकला आहे : विचार मूरचा आणि निसर्गशक्ती मार्सियानोची. हा निवाडा वस्तुस्थितीस धरून आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

(२)

मार्सियानो ४९ लढती लढला व सर्व जिंकला. त्यांपैकी ४३ प्रतिस्पर्धी पूर्ण अंतरापर्यंत टिकले नाहीत. परंतु हेवीवेट वर्गाच्या मानाने तो ठेंगणा होता आणि त्याचे हात आखूड होते. प्रशिक्षक चार्ली गोल्डमन याने हे वैगुण्य झाकण्याऐवजी त्याच्यावरच शैली उभारली. उंच प्रतिस्पर्ध्यासमोर उंच होण्याचा प्रयत्न न करता त्याने मार्सियानोला अधिक वाकावयास शिकविले. त्यामुळे लक्ष्य लहान झाले, ठोसा खालून वर येऊ लागला आणि मागच्या पायाचे बळ त्यात उतरू लागले. १९५३ मध्ये रोलंड लास्टार्झाशी झालेल्या लढतीत मार्सियानो बचावासाठी उचललेल्या हातांवरच ठोसे घालीत राहिला. बचाव भेदता येत नसेल तर ज्या अवयवांनी बचाव होतो तेच निकामी करावेत, हा त्यातला हिशेब होता. लास्टार्झा अकराव्या फेरीत पराभूत झाला. या शैलीत निसर्गापेक्षा शिक्षणाचा भाग मोठा आहे.

येथे ‘दडपण’ या संज्ञेची व्याप्ती निश्चित करणे इष्ट ठरेल. केवळ आक्रमण म्हणजे दडपण नव्हे. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे जॅक डेम्प्सीने जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी माइक टायसनने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत संपविले. ही आक्रमणे भयंकर खरी, पण त्यांचे स्वरूप स्फोटाचे आहे. दडपणाची कला काळावर विसंबते. तिच्यात तीन कार्ये साधावी लागतात : प्रतिस्पर्ध्याच्या लांब हातांखालून, शक्य तितका कमी मार खाऊन, आत शिरणे, रिंगणातील त्याची जागा क्रमाने कमी करीत नेणे, आणि दोन ठोशांमधील त्याचा विसावा हिरावून घेणे. पळणाऱ्याच्या मागे धावणारा योद्धा यातील दुसऱ्या कार्यात चुकतो. जाणता योद्धा मागे धावत नाही. तो तिरपे पाऊल टाकून वाट अडवितो आणि प्रतिस्पर्ध्यास दोराकडे वळवितो.

(३)

या कसोटीवर हेन्री आर्मस्ट्राँगचे स्थान प्रथम येते. १९३७ या एका वर्षात तो २७ लढती लढला, सर्व जिंकला, आणि त्यांपैकी २६ मुदतीपूर्वीच संपल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पीटी सारनला हरवून त्याने फेदरवेट विजेतेपद मिळविले. ३१ मे १९३८ रोजी बार्नी रॉसकडून वेल्टरवेट व १७ ऑगस्ट १९३८ रोजी लू अँबर्सकडून लाइटवेट विजेतेपद त्याने घेतले. फेदरवेटची मर्यादा १२६ पौंड आणि वेल्टरवेटची १४७ पौंड. ही तफावत ध्यानात घेतली म्हणजे त्याच्या शैलीचे मर्म कळते. आपल्याहून जड माणसास बळाने मागे लोटणे शक्य नसते. आर्मस्ट्राँग डोके प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यापाशी वा छातीपाशी टेकवी, तेथून आखूड ठोसे अविरत मारी आणि त्याला पूर्ण हात फेकण्याइतके अंतरच मिळू देत नसे. जड माणसाचे वजन हातात उतरावयास जागा लागते, आणि ती जागा आर्मस्ट्राँग व्यापून असे. १९४० मध्ये सेफेरिनो गार्सियाशी मिडलवेट विजेतेपदासाठी झालेली त्याची लढत बरोबरीत सुटली. म्हणजे चौथे पदही त्याच्या हातून थोडक्यात निसटले.

आर्मस्ट्राँगच्या ठायी विस्तार आहे, तर जो फ्रेझरच्या ठायी एका लढतीची परिपूर्णता आहे. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फ्रेझर व महंमद अली हे दोन्ही अपराजित योद्धे एकमेकांसमोर आले. अली उंच, त्याचे हात लांब. फ्रेझर त्याच्याहून तीन-चार इंचांनी ठेंगणा. या लढतीच्या पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हुकने अली उताणा पडला. हा ठोसा इच्छाशक्तीचा विजय म्हणून वर्णिला जातो, परंतु त्याची पूर्वपीठिका निराळी आहे. अली उजवा अपरकट मारताना हात खाली नेतो व जबड्याची उजवी बाजू उघडी पडते, हे प्रशिक्षक एडी फच याने हेरले होते. फ्रेझरने खाली वाकून अलीला त्या अपरकटचा मोह पाडावयाचा आणि त्याच क्षणी डावा हुक सोडावयाचा, अशी योजना होती. पंधराव्या फेरीत अलीचा उजवा हात त्याच हालचालीसाठी खाली गेला असता हुक बसला. एवंच, ज्यास अंध आवेग समजले गेले ते प्रतिस्पर्ध्याच्या सवयीचे वाचन होते. फ्रेझरचे सततचे डोलणे व वाकणेही निव्वळ उत्साहाचे लक्षण नव्हते. तोच त्याचा बचाव होता.

मेक्सिकोच्या हूलिओ सेसार चावेसने हीच कला मितव्ययाने साधली. तो घाईने पुढे जात नसे. लहान पावलांनी रिंगण आकुंचित करी आणि डावा हुक यकृताच्या जागी मारी. १७ मार्च १९९० रोजी लास व्हेगास येथे मेल्ड्रिक टेलरविरुद्धच्या लढतीत तीनपैकी दोन परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर टेलर आघाडीवर होता. बाराव्या फेरीत तो पडला, उठला. पंच रिचर्ड स्टील याने विचारणा केली असता त्याच्याकडून उत्तर आले नाही, आणि अवघे दोन सेकंद उरले असता लढत थांबविण्यात आली. या निर्णयावरचा वाद आजही मिटलेला नाही. समीक्षेच्या दृष्टीने त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. प्रत्येक फेरीचा हिशेब स्वतंत्र ठेवण्याच्या गुणपद्धतीत साचत जाणाऱ्या हानीची नोंद होऊ शकत नाही. टेलर फेऱ्या जिंकत होता व त्याच वेळी लढत गमावीत होता. त्याच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले होते.

(४)

या कलेच्या मर्यादाही तिच्या रचनेतूनच उद्भवतात. २० जून १९८० रोजी माँट्रियल येथे दुरानने शुगर रे लिओनार्डला जवळच्या झुंजीत खेचून हरविले; पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्स येथे लिओनार्ड झुंजीसाठी थांबलाच नाही, आणि आठव्या फेरीत दुराननेच माघार घेतली. फ्रेझरचे वाकणे अलीपुढे फलदायी ठरले. जॉर्ज फोरमनच्या अपरकटपुढे, १९७३ मध्ये किंग्स्टन येथे, त्याच वाकण्याने दोन फेऱ्यांत सहा वेळा त्यास भुईवर आणले.

याहून गंभीर मर्यादा शरीराची आहे. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड या विकृतिशास्त्रज्ञाने मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचे वर्णन केले, तेव्हा ठोसा मारण्यासाठी डोक्यावर मार सोसणाऱ्यांत तो विशेष आढळतो असे नमूद केले. १ ऑक्टोबर १९७५ च्या मनिला येथील लढतीत चौदाव्या फेरीअखेर फ्रेझरचा एक डोळा सुजून बंद झाला होता व दुसऱ्याने त्यास नीट दिसत नव्हते. तरीही तो उठू पाहत होता. एडी फचने त्यास बसविले आणि लढत सोडून दिली. ‘एक पाऊलही मागे घेतले नाही’ ही स्तुती ज्या समीक्षेस सर्वोच्च वाटते, तिला फचचा हा निर्णय समजणार नाही. ज्या शैलीत माघारीस स्थान नाही, तिच्यात माघारीचा विवेक कोपऱ्यात बसलेल्या दुसऱ्या माणसाने बाळगावा लागतो. फचने तो बाळगला, हे त्याच्या विद्येचेच अंग होय.

रूपकांचा परिणामही रिंगणापुरता राहत नाही. याच लढतीच्या प्रचारात अलीने फ्रेझरला जाहीरपणे ‘गोरिला’ म्हटले, आणि फ्रेझरच्या मनातला तो सल दीर्घकाळ राहिला. हा शब्द अलीचा असला तरी त्यासाठीची भूमी पुढे सरकणाऱ्या योद्ध्यास पशू वा यंत्र लेखणाऱ्या लेखनानेही तयार केली होती. ज्याच्या ठायी विचार मानला जात नाही त्याची वेदनाही मोजली जात नाही, हा या संकेताचा खरा दोष आहे.

एतावता विस्ताराच्या दृष्टीने आर्मस्ट्राँग, एका लढतीच्या परिपूर्णतेच्या दृष्टीने फ्रेझर आणि मितव्ययाच्या दृष्टीने चावेस, असा क्रम लावता येईल. मार्सियानो व दुरान यांचे स्थान त्यांच्या निकट आहे. परंतु क्रमापेक्षा कसोटी महत्त्वाची. या योद्ध्यांचे धैर्य निर्विवाद असले तरी त्यांची थोरवी त्या धैर्यास जे ज्ञान दिशा देत होते त्यावरून ठरवावी, आणि त्यासाठी त्यांनी व त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी दिलेले मोलही त्याच हिशेबात मांडावे.