हसण्यावारी नेलेलं हसू

मुलाखतींच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये सगळ्यात आळशी जागा कोणती, असं मला विचाराल तर मी कंसाकडे बोट दाखवीन. ‘(हसतो)’. नाहीतर ‘(हसते)’. कुणी जरा मेहनती असेल तर ‘(नर्व्हस हसू)’. पेट सुटल्यावर कोर्सवर्कमध्ये मुलाखत कशी घ्यायची, रेकॉर्डिंग कसं करायचं, हे सगळं येतं. हसू कसं लिहायचं, ते मात्र ज्याचं त्याने बघायचं.

समजा, तुम्ही काटोलकडे संत्रा बागायतदारांच्या मुलाखती घेताय. एक जण सांगतो, “अर्धा आंबिया बहार गयला. मंग बँकेतबी जाऊन आलो.” आणि ‘बँकेतबी’वर हसतो. तुम्ही ‘(हसतो)’ लिहून पुढे जाता. सहा महिन्यांनी कोडिंगला बसलात की आवाज आठवत नाही, कंस तेवढा उरतो. मग प्रबंधात वाक्य येतं: ‘उत्तरदाते कर्जाच्या प्रश्नाकडे हलकेपणाने पाहतात.’ बँकेत त्याला काय ऐकावं लागलं हे कदाचित त्या हसण्यातच होतं. मराठीत ‘हसण्यावारी नेणं’ असा शब्दप्रयोग आहे. इथे हसला तो, हसण्यावारी नेलं आपण.

बरं, ‘नर्व्हस हसू’ लिहिलं तर काम भागतं का? माझ्या मते नाही. एक तर आपल्या बोलण्यात ‘नर्व्हस’ पार घसरलाय. रिझल्ट वाईट लागला की पोरगा ‘नर्व्हस’ होतो, म्हणजे हिरमुसतो. दुसरं म्हणजे ते निरीक्षण नाही, निष्कर्ष आहे. येलमध्ये स्टॅनले मिलग्रॅम यांनी आज्ञापालनावर केलेला प्रयोग तुम्ही वाचला असेलच. 1963 च्या त्यांच्या लेखात 40 पैकी 14 जणांच्या नर्व्हस हसण्याची नोंद आहे. दुसऱ्या माणसाला आपण विजेचे झटके देतोय असं त्यांना वाटत होतं (झटके खोटे होते) आणि ते हसत होते. तिघांना तर हसण्याचे अनावर झटकेच आले. त्या प्रयोगाच्या नैतिकतेवर बोलायचं तेवढं थोडं, पण नोंद बघा: घाम, थरथर, अडखळणं, ओठ चावणं हे सगळं सोबत लिहिलंय. नंतर त्या लोकांशी बोलणंही झालं, आणि आपल्याला मजा वाटत नव्हती हे त्यांनी आवर्जून सांगितलं. इतकं हाताशी असेल तर ‘नर्व्हस’ म्हणा.

तोवर मराठीकडे जा. आपल्याकडे या बाबतीत चैन आहे. ‘खुदकन’ म्हणजे छोटं, एकदाच. ‘फिस्सकन’ म्हणजे दाबून धरलेलं आणि तरी निसटलेलं. ‘गालातल्या गालात’मध्ये आवाजच नाही. ‘हसू दाबलं’मध्ये जोर दिसतो. हे शब्द ऐकू येणारं, दिसणारं सांगतात. याउलट ‘फिदीफिदी’, ‘खिदळणं’, ‘दात काढणं’ ऐकवतात कमी आणि हसणाऱ्याला झापतात जास्त. कॉलेजच्या पोरी खिदळतात. विभागप्रमुख खिदळले असं कुणी लिहील का? आवाज तोच असला तरी नाही लिहिणार. तिसरी तऱ्हा ‘ओशाळं’, ‘केविलवाणं’, ‘कसनुसं’ यांची. यांत आपण थेट त्या माणसाच्या मनात शिरतो. कथाकाराला ते शोभतं, नोंदवहीत जपून वापरा. ‘हसल्यासारखं केलं’ मला फार आवडतं. हसू होतं की नव्हतं याचा संशय त्यात राखलेला आहे.

आणि व्याकरण सोडू नका. ‘मी हसलो’ आणि ‘मला हसू आलं’ यांत फरक आहे. दुसऱ्यात हसू कर्ता आहे. माणूस फक्त अनुभवणारा, ‘ला’ लावून बाजूला बसलेला. मिलग्रॅम यांच्या त्या लोकांना नेमकं हेच म्हणायचं होतं. ‘हसू’च्या जागी ‘हसं’ आलं तर पुन्हा सगळं फिरतं: ‘माझं हसं झालं’. हसणारे दुसरेच.

या सगळ्याकडे आपल्या समीक्षेचं लक्ष का कमी गेलं? न. चिं. केळकरांचं ‘सुभाषित आणि विनोद’ 1908 चं. पुढे 1937 मध्ये ‘हास्य-विनोद-मीमांसा’ आलं. हास्य आणि विनोद यांची जोडी शीर्षकातच आहे, आणि नंतरच्या चर्चेतही हसू आलं की विनोद शोधायला निघायचं हीच सवय राहिली. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी 1993 मध्ये रोजच्या बोलण्यातली सुमारे 1,200 हसू तपासली, तर त्यांच्या आधीच्या वाक्यांपैकी 20 टक्क्यांपर्यंतच वाक्यांत काही विनोदी होतं. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत, पण स्मित-हसित उत्तमांचं, विहसित-उपहसित मध्यमांचं, अपहसित-अतिहसित अधमांचं. म्हणजे हसू मोजता मोजता माणसंही मोजून झाली. ‘खिदळणं’ आपण कुठून शिकलो याचा अंदाज येतो.

मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या गेल जेफरसन. संभाषणातलं हसू त्या ‘हसतो’ असं न लिहिता अक्षराअक्षराने, ज्या शब्दात आलं त्या शब्दात लिहीत. 1984 च्या लेखात त्यांनी दाखवलं की अडचण सांगणारा हसतो तेव्हा ऐकणारा बहुधा हसत नाही. तो अडचणीकडेच वळतो. सांगणारा हसून एवढंच दाखवतो की मी अजून उभा आहे. घरी, शेजारी आपण सगळे हे बरोबर करतो. समोर रेकॉर्डर ठेवला की मात्र सभ्यपणा म्हणून आपणही हसतो, आणि समोरचा विषय बदलतो. म्हणून स्वतःचं हसूही लिहा.

‘बँकेत(ह्हे)बी जाऊन आलो. [2 सेकंद शांतता, मुलाखतकार हसत नाही]’. एवढं पुरे. अर्थ शेजारच्या रकान्यात, पेन्सिलीने. वेळ जास्त लागतो हे खरं आहे; सगळ्या मुलाखतींना असं करू नका, जिथे पैसे, आजार, जात, घरातलं भांडण निघालं तेवढ्या जागा निवडा. आणि रेकॉर्डिंग लगेच पुसू नका. एथिक्सच्या मंजुरीत जेवढी मुदत लिहिली असेल तेवढी ते ठेवता येतं.